भाजीचा रंग आणि रक्ताचा रंग

रक्ततपासणीचा कागद पाहून "ताई, हिमोग्लोबिन आठ आहे, गोळ्या घ्याव्या लागतील" असे म्हटले की समोरून बहुधा ठरलेले उत्तर येते, "पण डॉक्टर, मी तर रोज बीट खाते." शिरूरला काय आणि दौंडला काय, यात फरक नाही. कोणी बिटाचा रस घेते, कोणी डाळिंब, कोणी गाजर-टोमॅटोचे सार. सांगणारी माणसे घरचीच आणि मायेची असतात. त्यामागचा विचारही सरळ आहे. रक्त लाल, बीट लाल. बीट किसताना हात रंगतात, मग पोटात गेल्यावर रक्त का वाढणार नाही?

बीट खाण्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या भरवशावर थांबून राहण्याने. चौथ्या महिन्यात नऊ हिमोग्लोबिन असलेली गर्भवती गोळ्या डब्यात ठेवून रस पिते आणि आठव्या महिन्यात सात हिमोग्लोबिन घेऊन येते. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव प्रत्येकीलाच होतो. अकरा-बारा हिमोग्लोबिन असलेली तो सोसते, सातवालीच्या तोच जिवावर बेततो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घरात दोन जावा असतील तर सरासरीने त्यातल्या एकीला, असे समजा.

म्हणून आज पथ्याचा तक्ता बाजूला ठेवू आणि भाजीला मुळात रंग येतो कोठून ते पाहू. ते एकदा कळले की बिटाचा प्रश्न आपोआप सुटतो.

भाजीतले रंग मुख्यतः चार घराण्यांचे आहेत. पालेभाजीचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. गाजर, तांबडा भोपळा आणि टोमॅटो यांचा रंग कॅरोटिनॉइड घराण्याचा. हा तेलात उतरतो, म्हणून टोमॅटोच्या भाजीवर तर्री लाल दिसते. लाल कांदा, जांभळे वांगे आणि जांभळी कोबी यांचा रंग अँथोसायनिन घराण्याचा. चिरलेल्या लाल कांद्यावर लिंबू पिळले की तो गुलाबी उजळतो, ती याच रंगाची करामत. चौथे घराणे बीटालेनचे. बीट, तांबडा माठ, राजगिरा ही त्याची मंडळी. गंमत अशी की अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन घराणी एका झाडात कधीच एकत्र नांदत नाहीत. डोळ्याला कांद्याचा आणि बिटाचा लाल रंग भाऊबंद वाटतात, पण रसायनाच्या दृष्टीने त्यांचे काहीही नाते नाही. आणि या दोघांचेही रक्ताच्या लाल रंगाशी नाते नाही. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे येतो. रचनेतले साम्यच शोधायचे तर ते हिरव्या हरितद्रव्याशी आहे. त्याचा सांगाडा रक्तातल्या 'हीम'सारखाच, फक्त मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम बसलेले. म्हणून काही पालेभाजीचा हिरवा रंग खाऊन रक्त होत नाही. गव्हांकुराच्या रसाला 'हिरवे रक्त' म्हणून विकणारे हे साम्य मात्र पुरेपूर वापरतात.

हे रंग ठरतात झाडाच्या जनुकांमुळे. याचे उदाहरण म्हणून कांदा घेऊ, कारण त्यातले या भागातल्या वाचकांना माझ्यापेक्षा अधिक कळते. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला केंद्र सरकारची कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. १९९४ साली ती नाशिकला सुरू झाली आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला आली. तिच्या वाणांना भीमेचे नाव दिलेले आहे. भीमा सुपर, भीमा राज, भीमा रेड हे लाल. भीमा किरण आणि भीमा शक्ती फिकट लाल. भीमा श्वेता आणि भीमा शुभ्रा पांढरे. राहुरी विद्यापीठाचा फुले सुवर्णा पिवळसर आहे. हे सगळे कांदे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच. फरक पडतो तो मोजक्या जनुकांनी.

अमेरिकेत क्लार्क, जोन्स आणि लिटल या तिघांनी १९४४ साली कांद्याच्या रंगाच्या आनुवंशिकतेचा हिशेब मांडला. ठिबकवाल्या शेतकऱ्याला तो लगेच समजेल. पहिले जनुक म्हणजे विहिरीवरची मोटार. ती बंद असेल तर पुढे रंगाचा थेंब नाही, कांदा पांढरा. दुसरे जनुक म्हणजे शेवटचा व्हॉल्व्ह. मोटार चालू आणि हा व्हॉल्व्ह बंद, तर कांदा पिवळा राहतो. दोन्ही चालू, तर लाल. आता तिसरे जनुक ऐका. ते काही करत नाही, फक्त स्टार्टरजवळ उभे राहून फ्यूज काढून घेते. मोटार चांगली, व्हॉल्व्ह उघडा, तरी कांदा पांढराच. म्हणजे दोन पांढरे कांदे शेजारी ठेवले तर एक मोटार जळाल्यामुळे पांढरा आणि दुसरा फ्यूज काढल्यामुळे पांढरा असू शकतो. बाहेरून ओळखता येणार नाही. पुढे यात आणखी जनुकांची भर पडली. पिवळ्या कांद्यात लाल रंगाच्या वाटेवरचे एक विकर तयारच होत नाही, हेही नंतर दाखवले गेले. पण मूळ हिशेब तोच राहिला.

घरचे बी धरणाऱ्यांनी यातला एक अनुभव घेतलेला असतो. चांगले निवडलेले लाल कांदे लावले, डेंगळे आले, बी धरले, आणि पुढच्या वर्षी लालात अधूनमधून पांढरा कांदा निघाला. दोष बहुधा मधमाशांना दिला जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. बाजूला पांढऱ्या कांद्याचे डेंगळे असतील तर माशा परागकण इकडचे तिकडे करणारच. म्हणून बीजोत्पादनात दोन वाणांत निदान अर्धा किलोमीटर अंतर ठेवायला सांगतात. पण मधमाशीची चूक नसतानाही पांढरा कांदा निघू शकतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. मोटारीच्या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असेल तर एका प्रतीवर काम भागते, कांदा लालच दिसतो. असे दोन लाल कांदे एकमेकांशी फळले तर चारांतून एका दाण्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. आईबाप लाल, पोर पांढरे.

हा चारात एकाचा हिशेब मी कांद्यासाठी सांगत नाही. तो माणसाच्या रक्तालाही जसाच्या तसा लागू आहे. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर त्या माणसाला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. आपल्या देशात शंभरांत तीन-चार जण असे असावेत. त्यांना बहुधा काही त्रास नसतो, हिमोग्लोबिन थोडे कमी असते एवढेच. पण नवरा आणि बायको दोघेही असे असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. ते मूल थॅलेसेमिया मेजरचे. पहिल्या दोन वर्षांतच ते पांढरेफटक पडते आणि पुढे नेमाने रक्त भरावे लागते. "पहिले मूल तसे निघाले, आता पुढची तिघे चांगली निघतील" असा हिशेब काही जण करतात. तो चूक आहे. फासा प्रत्येक वेळी नव्याने पडतो.

गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन दहाच्या आसपास अडून बसले असेल आणि तपासणीच्या कागदावर तांबड्या पेशींचा आकार लहान, पण संख्या मात्र भरपूर दिसत असेल, तर ही शंका घ्यावी. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी 'एचपीएलसी' किंवा 'इलेक्ट्रोफोरेसिस' नावाची तपासणी आहे. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. लग्न ठरवताना पत्रिकेतले गुण जुळवायला आपण वेळ काढतो, त्यात ही तपासणी बसवायला हरकत नाही. लग्न होऊन गेले असेल तर दिवस राहिल्याबरोबर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारावे. उशीर केला तर करण्यासारखे फार राहत नाही. अशा स्त्रीला लोहाची कमतरताही असू शकते, म्हणून नुसते 'मायनर' ऐकून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता पुन्हा भाजीकडे. झाड रंगाचा एवढा खटाटोप कोणासाठी करते? आपल्यासाठी खासच नाही. कांद्याच्या वरच्या पत्तीवर काळपट ठिपके पाडणारी एक बुरशी आहे. ती पांढऱ्या कांद्याला धरते, लाल-पिवळ्याला फारशी धरत नाही. विस्कॉन्सिनमध्ये वॉकर आणि लिंक यांनी १९२९ ते १९३३ या काळात याचे कारण शोधले. रंगीत कांद्याच्या वाळक्या पत्तीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि कॅटेकॉल ही दोन द्रव्ये असतात. पावसाच्या किंवा दवाच्या पाण्यात ती उतरतात आणि बुरशीचे बीज रुजण्याआधीच मरते. (चाळीत कांद्यावर धरणारी काळी काजळी ही वेगळी बुरशी, तिच्याशी याचा गोंधळ करू नये.) यातले लिंक पुढे डॉक्टरमंडळींच्या कायमचे ओळखीचे झाले. बुरसलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावाने का मरतात हे त्यांच्या प्रयोगशाळेने शोधले आणि त्यातूनच वॉरफारिन हे औषध निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. आज हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण रक्तात गुठळी होऊ नये म्हणून तीच गोळी घेतात.

वांग्याचा जांभळा रंगही असाच वांग्याच्या स्वतःच्या सोयीचा. पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवरचे मांजरी ज्या वाणाने ओळखले जाते त्या मांजरी गोट्यावर जांभळ्यात पांढऱ्या रेघा असतात. त्या रेघाही वाणाच्या जनुकांतूनच येतात. पुष्कळ जांभळ्या वांग्यांचा देठाजवळचा हिरवा मुकुट उचलून पाहिला तर खालची साल पांढुरकी दिसते. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून रंग धरत नाही. काही वाणांत मात्र झाकलेला भागही जांभळा असतो. हाही वाणावाणातला फरक.

बिटाची गोष्ट याहून वेगळी नाही. बिटाला लाल करणारी मुख्य जनुके दोन. एक रंग लाल की पिवळा ते ठरवते, दुसरे तो रंग कंदात आतपर्यंत भरायचा की नाही ते ठरवते. पहिले जनुक २०१२ मध्ये नेमके ओळखले गेले, दुसरे २०१५ मध्ये. पिवळे बीट आहे, पांढरे बीट आहे. युरोपात ज्या कंदापासून साखर काढतात तो शुगरबीट म्हणजे पांढरे बीटच, आपल्या लाल बिटाच्याच जातीचे. पांढरे बीट खाऊन रक्त वाढेल असे कोणी म्हणेल का? नाही. मग लाल बिटात जास्त काय आहे? फक्त तो रंग. आणि त्या रंगात लोहाचा कणही नाही.

बिटात लोह आहे, पण शंभर ग्रॅमला सुमारे एक मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे. नुसत्या बिटावर हा हिशेब पुरा करायचा तर रोज तीन किलो बीट लागेल. बिटाची बाजूही सांगतो. त्यात फोलिक ॲसिड चांगल्या प्रमाणात आहे, आणि तेही रक्त तयार व्हायला लागते. म्हणून कोशिंबीर जरूर खावी. फक्त तिला औषध समजू नये.

लोह कोठे आहे? ते लाल नसलेल्या ठिकाणी आहे. आपल्या शिरूरच्या कोरडवाहू भागातली राखाडी बाजरी बिटाच्या सहापट तरी लोह बाळगून असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर जास्त लोहाचा बाजरीचा वाण तयार केला. महाराष्ट्रात तो २०१२ मध्ये आला आणि 'धनशक्ती' नावाने देशभर गेला. त्यात किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकरी देऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. साध्या बाजरीच्या तुलनेत या बाजरीने मुलांच्या अंगातला लोहाचा साठा अधिक भरून निघाला. दिसायला बाजरी बाजरीसारखीच. भाकरी लाल झाली नाही. तांबड्या माठात लोह आहे, तसे ते हिरव्या माठातही आहे. मांसाहार करणाऱ्यांना कलेजी-मटणातले लोह सर्वांत सहज पचते. धान्य-भाजीतले लोह पचायला आंबटाची मदत लागते. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा घ्यावा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोहाला अडवतो. निदान तासभर जाऊ द्यावा.

भाजीच्या रंगाला आरोग्यात काहीच किंमत नाही, असे मात्र कोणी यावरून समजू नये. गाजराचा आणि तांबड्या भोपळ्याचा नारिंगी रंग बीटा-कॅरोटीनचा, आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. लहान मुलांच्या डोळ्यांसाठी ते फार मोलाचे. इथे रंग खरेच कामाचा आहे. पण लाल गाजराचा आणि टोमॅटोचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा, त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. म्हणजे 'जितके लाल तितके चांगले' हा नियम इथेही बसत नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेने २०१५ मध्ये 'पुसा केसरी व्हिटा-१' नावाचा नारिंगी फ्लॉवर काढला. त्यातले जनुक कॅनडातल्या एका शेतात १९७० च्या सुमारास अचानक सापडलेल्या नारिंगी फ्लॉवरपासून आलेले आहे. ते जनुक रंग बनवत नाही, तर बनलेला रंग साठवायला कोठार करून देते.

अलीकडे बाजारात पिवळे आणि जांभळे फ्लॉवर दिसू लागले आहेत. "इंजेक्शन देऊन रंगवतात" म्हणून काही जण ते घेत नाहीत. हे वाणाचेच रंग आहेत. भीती बाळगायची ती भेंडी, हिरवी मिरची आणि वाटाणा यांना चकाकी आणण्यासाठी लावलेल्या मॅलाकाइट ग्रीनसारख्या रंगाची. कापसाचा बोळा पाण्यात आणि दुसरा खाण्याच्या तेलात भिजवून भाजीवरून चोळावा. बोळा हिरवा झाला तर ती भाजी घेऊ नये.

गाजर-भोपळा रोज खाणाऱ्या बाळाचे तळहात-तळपाय पिवळे पडतात आणि आई कावीळ समजून घाबरते. डोळ्यांचे पांढरे बुबुळाभोवती स्वच्छ असेल तर बहुधा ही गाजराचीच करामत. महिनाभर गाजर कमी केले की उतरते. डोळे पिवळे असतील तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

गोळ्यांच्या रंगाबद्दलही एक. सरकारी योजनेत लोहाची गोळी लहान शाळकरी मुलांना गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींना निळी आणि मोठ्या स्त्रियांना लाल मिळते. लाल गोळी 'रक्ताची' आणि निळी 'कसली तरी', असे समजून मुली ती फेकतात. तो रंग फक्त वरच्या लेपाचा, वयोगट ओळखायला दिलेला. गर्भवतीला रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस, बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्यावी, पण सोडू नये. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोन वेगळ्या वेळी घ्याव्या. गोळी चालू असताना शौचाला काळसर होते, ते लोहामुळे. डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीचे काळे मात्र आतड्यातल्या रक्ताचे असू शकते.

बीट खाल्ल्यावर शंभरांत दहा-चौदा जणांना लघवी गुलाबी-लाल होते. बिटाचा रंग न पचता बाहेर पडतो, इतकेच. गमतीचा भाग असा की अंगात लोह कमी असलेल्यांत हे जास्त आढळते. म्हणजे रक्त वाढावे म्हणून खाल्लेले बीट उलट रक्त कमी असल्याची खूण देऊन जाते. असे झाले तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बीट दोन दिवस बंद ठेवूनही लघवी लाल राहिली, किंवा बीट न खाताच लाल झाली, तर दुखत नसले तरी लघवी तपासून घ्यावी. मूतखडा, जंतुसंसर्ग, किंवा चाळिशीनंतर तंबाखू-विडी ओढणाऱ्यांत मूत्राशयाची गाठ, यांपैकी काहीही तिथे असू शकते.